सेंद्रिय शेतीचा फायदा आधी फवारणाऱ्याला, मग खाणाऱ्याला

प्रश्न असा आहे: "आम्ही पुण्यात राहतो. घरात लहान मूल आलं तेव्हापासून भाजी आणि धान्य सेंद्रिय घेतो, जवळपास दुप्पट भाव देऊन. त्याचा आरोग्याला खरंच उपयोग होतो का? पर्यावरणाला फायदा होतो म्हणतात, तो नेमका कोणता? माझे वडील आर्वी तालुक्यात सात एकर कोरडवाहू कपाशी आणि तूर करतात. त्यांना सेंद्रियकडे वळा म्हणून सांगावं का?"

ताई, तुमच्या प्रश्नात खाणारे आधी आलेत आणि पिकवणारे शेवटी. मी उलट्या टोकाने सुरुवात करतो. वर्धा-यवतमाळकडच्या कपाशीवाल्यांबरोबर काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि माझं मत पक्कं आहे की सेंद्रिय शेतीचा आरोग्याला होणारा सगळ्यात मोठा फायदा तुमच्या मुलाच्या आधी त्याच्या आजोबांना होतो.

२०१७ चा हंगाम आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. तेव्हा बातम्यांमध्ये "नियमबाह्य औषधं" हा एकच मुद्दा गाजला, पण वावरात उभं राहिलं की बाकीच्या गोष्टीही दिसत होत्या. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. कमरेएवढ्या पिकावर फवारताना तुषार खाली पडतो; डोक्यावरच्या पिकात तो फवारणाऱ्याच्या तोंडावर, मानेवर आणि छातीवर येतो. हवा दमट, अंगाला घाम, आणि घामेजलेल्या कातडीतून औषध लवकर आत जातं. त्यात दोन-तीन औषधं एका पंपात मिसळलेली. बोंडअळीची धास्ती इतकी होती की दुकानदार जे मिश्रण सांगेल ते लोक घेत होते. पुढे सरकारने मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीन, डायफेन्थियुरॉन अशा काही औषधांवर विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी घातली. तोवर हंगाम हातचा गेला होता.

यातली मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस गटातली औषधं. (इथला "सेंद्रिय" रसायनशास्त्रातला आहे, शेतीतला नाही.) आपल्या मज्जातंतूंमध्ये एका संदेशानंतर दुसरा जाण्यापूर्वी जागा मोकळी करणारं एक विकर असतं, कोलिनएस्टरेज. ही औषधं तेच बंद पाडतात. किडा त्यानेच मरतो आणि माणूसही त्यानेच आजारी पडतो. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास अडकतो. डॉक्टर अ‍ॅट्रोपीन देतात ते याच्यावरच.

मरण पावलेल्यांची नोंद होते. बाकीच्यांची होत नाही. दर हंगामात फवारणीच्या संध्याकाळी डोकं धरणं, डोळ्यांपुढे धुकं येणं, जेवण न जाणं, अंगाची आग होणं, हे आमच्याकडे इतकं नेहमीचं आहे की "जरा औषध लागलं" म्हणून माणूस लिंबूपाणी पिऊन झोपतो. हे फक्त फवारणाऱ्या पुरुषापुरतं नाही. ड्रममध्ये पाणी ओतून औषध कालवणारी बहुतेक वेळा घरची बाई असते. दुसऱ्या दिवशी त्याच तासात (पिकाच्या ओळीत) निंदणाला बसणाऱ्याही बायाच, आणि कापूस वेचणाऱ्याही त्याच. फवारणीचे कपडे घरच्याच दगडावर धुतले जातात. रिकामा डबा रॉकेल ठेवायला, नाहीतर परसाकडेला न्यायला वापरतात. शहरातल्या ताटापर्यंत औषधाचा जो अंश येतो, त्याच्या कितीतरी पट या घरांत राहतो. सेंद्रिय शेतीने आणखी काहीच साधलं नाही असं क्षणभर धरलं, तरी एवढ्या एका कारणासाठी मी तिची बाजू घेईन.

बिहारमध्ये २०१३ साली शाळेच्या माध्यान्ह भोजनातून २३ मुलं दगावली, तिथेही मोनोक्रोटोफॉसच होतं. केरळात कासारगोडच्या काजूबागांवर वीसेक वर्षं हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फानची फवारणी झाली. तिथल्या लोकांनी जन्मजात व्यंगांविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर देशभर बंदी आणली. ही टोकाची उदाहरणं आहेत हे मान्य. पण प्रत्येक वेळी आधी वापर झाला, नंतर माणसं आजारी पडली आणि बंदी सगळ्यात शेवटी आली.

आता तुमच्या ताटाकडे येतो.

केंद्र सरकार दरवर्षी बाजारातल्या भाज्या, फळं, धान्य, दूध वगैरेंचे नमुने तपासून औषधांचे अंश मोजतं. २०१४-१५ साली २०,६१८ नमुने तपासले गेले. त्यांतल्या १८.७ टक्के नमुन्यांत अंश सापडले आणि २.६ टक्क्यांत ते कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त होते. याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत. बाजारातली प्रत्येक भाजी विषारी आहे ही ओरड खोटी आहे. आणि पाचातल्या जवळपास एका नमुन्यात काहीतरी असतं, हेही खरं आहे. मर्यादा एकेका औषधाची ठरवलेली असते. चार औषधांचे थोडे थोडे अंश एकाच पोटात गेले तर काय, याचं उत्तर त्या मर्यादेत नसतं. लहान मुलांच्या बाबतीत जास्त जपावं म्हणतात ते यासाठी की वजनाच्या मानाने त्यांचं खाणं जास्त असतं आणि मेंदूची वाढ चालू असते.

सेंद्रिय खाल्ल्याने शरीरातले हे अंश कमी होतात का? होतात, आणि फार लवकर होतात. अमेरिकेत सिएटलच्या परिसरातल्या २३ मुलांना पाच दिवस सेंद्रिय आहार दिला, तेव्हा मॅलाथिऑन आणि क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकांच्या लघवीतल्या खुणा जवळपास सापडेनाशा झाल्या. नेहमीचा आहार सुरू केल्यावर त्या परत आल्या. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे जास्तीचे पैसे मोजून तुम्हाला औषधाचा कमी अंश नक्की मिळतो, अर्थात माल खरोखर सेंद्रिय असेल तर.

त्यापुढे मात्र जमीन भुसभुशीत आहे. सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक असतं का? २०१२ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी शेकडो अभ्यास एकत्र करून पाहिले; पोषणमूल्यांत सांगण्यासारखा फरक त्यांना दिसला नाही, औषधाचे अंश मात्र कमी आढळले. २०१४ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या गटाला अशाच पाहणीत सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा जड धातू कमी दिसला. कॅडमियमचा धागा स्फुरदयुक्त (फॉस्फरसच्या) खतांशी जुळतो, कारण ज्या खडकापासून ती बनतात त्यात तो असतो. कर्करोगाचं विचाराल, तर फ्रान्समध्ये सुमारे ६९,००० लोकांच्या पाहणीत सर्वाधिक सेंद्रिय खाणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण पंचवीस टक्क्यांनी कमी निघालं (२०१८). ब्रिटनमध्ये सहा लाखांहून जास्त स्त्रियांच्या पाहणीत एकूण कर्करोगात असा फरक दिसला नाही (२०१४). सेंद्रिय विकत घेणारे लोक बहुधा सिगारेट कमी ओढतात, चालायला जातात, भाजी जास्त खातात. त्यातला नेमका कोणता गुण कामी आला हे वेगळं काढणं अवघड असतं. म्हणून "सेंद्रिय खा, कॅन्सर टाळा" असा फलक दुकानावर दिसला तर माल घ्या, पण फलकावर विश्वास ठेवू नका.

माझा सल्ला विचाराल तर असा. महागामुळे घरातली भाजी कमी होणार असेल तर साधी भाजी घ्या, पण भरपूर घ्या. पैसे मोजायचेच असतील तर जिथे फवारणी जास्त होते तिथे मोजा: वांगी, फुलकोबी, भेंडी, हिरवी मिरची, टोमॅटो, द्राक्षं. वांग्यात शेंडा आणि फळ पोखरणारी अळी असते, आणि तोडणी दर तीन-चार दिवसांनी चालू असते. औषधाच्या डब्यावर लिहिलेला प्रतीक्षाकाळ, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचे दिवस, पाळायचा तर दोन तोडण्या सोडाव्या लागतात. त्या कोण सोडणार? उलट भुईमूग, नारळ, कांदा, रताळं, शेवगा यांवर जास्तीचे पैसे घालवायची घाई नको. भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुतल्याने स्पर्शजन्य औषध बऱ्यापैकी जातं; आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात गेलेलं असतं, ते धुण्याने जात नाही.

आणखी एक गोष्ट सेंद्रियवाले सहसा सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. सेंद्रिय म्हणजे निर्धोक असं समीकरण नाही. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय जंतूच्या साथीत पन्नासहून जास्त माणसं दगावली. माग काढत गेल्यावर ती एका सेंद्रिय शेतावरच्या मोडांपाशी पोहोचली आणि संशय इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांवर स्थिरावला. आपल्याकडे कच्चं शेण कालवून ते पाणी पालकाच्या वाफ्यात सोडणारे आहेत. न कुजलेलं शेण पालेभाजीला लागलं तर त्यातले जंतूही लागतात, ती भाजी कोशिंबिरीत कच्ची खाणार असाल तर विशेषच. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) सेंद्रियमध्ये चालतं, पण त्यातलं तांबं मातीत साचत जातं. तंबाखूचा काढा "घरगुती" म्हणून फवारतात. निकोटीन हे जहाल विष आहे, ते घरी उकळलं म्हणून सौम्य होत नाही. दहा झाडांच्या पाल्याच्या दशपर्णी अर्कात धोत्रा आणि कण्हेर असतात, तेव्हा तो कालवतानाही हातमोजे घालायला पाहिजेत. असो.

पर्यावरणाच्या बाजूला येऊ. इथे मी मातीपाशी जास्त वेळ थांबणार आहे, कारण बाकीचं पुष्कळसं तिच्यातूनच निघतं.

वडिलांना मृदा आरोग्य पत्रिका मिळाली असेल तर त्यावर "सेंद्रिय कर्ब" (काडीकचरा, शेण कुजून मातीत राहिलेला कार्बन) अशी एक ओळ असते. ०.५ टक्क्याच्या खाली आकडा असेल तर तो कमी समजतात. आमच्याकडच्या कोरडवाहू काळ्या जमिनींत तो बहुधा कमीच असतो. उन्हाळ्यात जमीन तापते, कर्ब जळून जातो. पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवल्या जातात. गुरं कमी झाली. शेणखताची बंडी वावरात यायची ती येईनाशी झाली. त्या जागी युरिया आला. ४५ किलोची गोणी तीनशे रुपयांच्या आत मिळते, शेणखताची ट्रॉली काही हजारांना. शेतकऱ्याने काय निवडावं हे त्या भावानेच ठरवून टाकलंय, त्याला अज्ञानी म्हणण्यात अर्थ नाही.

कर्ब वाढला की काय होतं? मातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि त्यांच्यामध्ये पोकळ्या तयार होतात. पावसाचं पाणी वरून वाहून न जाता आत मुरतं आणि पंधरा दिवसांची उघडीप पडली तर झाड तग धरतं. कोरडवाहूत पीक जाणं न जाणं त्या पंधरा दिवसांवरच अवलंबून असतं. आकडा मांडून पाहा. एका एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण आठ ते नऊ लाख किलो भरतं. तिच्यातला कर्ब ०.४ वरून ०.५ वर न्यायचा म्हणजे आठ-नऊशे किलो कर्ब मातीत टिकवायचा. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात तो तीन टनांच्या आसपास जातो. आणि टाकलेल्या काडीकचऱ्यातला बराचसा भाग कुजताना परत हवेत जातो, मागे थोडाच उरतो. म्हणून एका हंगामात कर्ब दुप्पट झाल्याच्या जाहिराती दिसल्या की मी पुढे सरकतो. हे काम वर्षांचं आहे.

युरियातलं सगळं नत्र पिकाला मिळत नाही. काही वायू होऊन उडतं, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेलं पाणी तान्ह्या बाळाला पावडरच्या दुधात कालवून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. बाळ निळं पडतं. काही नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं. तापमानवाढीत त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० किलोंच्या तोडीचा असतो. मात्र शेणखत बेसुमार टाकलं तर नत्राची हीच गळती त्यातूनही होते. निसर्ग गोणीवरचं नाव वाचत नाही. सेंद्रियचा फायदा असा की नत्र हळूहळू सुटतं आणि त्यातलं बरंचसं कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींमधून येतं.

मधमाशांचं उदाहरण मला सगळ्यात पटतं, कारण त्यात तोटा रोकडा दिसतो. कांद्याच्या बियाण्याचं पीक घेणाऱ्या शेतकऱ्यांना विचारा. कांद्याच्या फुलोऱ्यात एकाच फुलातला पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे पराग दुसऱ्या फुलावर नेणारं कोणीतरी लागतं. ते काम मुख्यतः मधमाशा करतात. फुलोऱ्यात फुलकिड्यांसाठी जोरदार फवारणी झाली की माशा येत नाहीत, गोंडे पोकळ राहतात. मग लोक भाड्याने मधपेट्या आणतात, आणि शेजारच्याने फवारलं की त्या पेट्याही रिकाम्या होतात. युरोपीय संघाने २०१८ साली इमिडाक्लोप्रिड, थायोमेथॉक्झाम आणि क्लोथियानिडीन या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर माशांसाठीच बंद केला. पहिली दोन आपल्याकडे कपाशीवर मावा-तुडतुडे या रस शोषणाऱ्या किडींसाठी सर्रास चालतात.

मित्रकिडींचंही, म्हणजे कीड खाणाऱ्या किड्यांचंही, तसंच. ढालकिडा आणि क्रायसोपाची अळी मावा खातात, पण जहाल औषधाने आधी त्या मरतात आणि मावा दहा दिवसांत परत वाढतो. मग पुन्हा फवारणी. डाळिंबवाल्यांची गोष्ट आणखी पुढची: तेल्या रोगावर स्ट्रेप्टोसायक्लिन, म्हणजे माणसाला देतात ते प्रतिजैविक, बागेत फवारलं जायचं. जंतू त्याला सरावले तर ते फक्त डाळिंबाचेच जंतू असतील असं नाही.

आता दुसरी बाजू. सेंद्रियमध्ये उत्पन्न घटतं का? घटतं, विशेषतः सुरुवातीला. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून चाललेल्या प्रयोगात सेंद्रिय पिकांचं उत्पादन सुमारे वीस टक्क्यांनी कमी राहिलं, पण खत आणि ऊर्जेचा वापर तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घटला. आपल्याला जवळचा प्रयोग मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यातला, २००७ पासूनचा. जमीन काळी, पिकं कपाशी, सोयाबीन आणि गहू. पहिल्या दोन वर्षांच्या चक्रात सेंद्रिय कपाशी सुमारे २९ टक्के कमी आली. दुसऱ्या चक्रात तो फरक बराच ओसरला. सोयाबीनमध्ये मुळातच फरक थोडा होता. खर्च सरासरी ३२ टक्के कमी, त्यामुळे हातात उरणारा पैसा जवळपास सारखा. पण ती पहिली दोन वर्षं कोण सोसणार? कर्ज असलेला माणूस सोसू शकत नाही. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. पर्यायी खत नव्हतं, तयारी नव्हती, भाताचं उत्पादन कोसळलं आणि नोव्हेंबरात निर्णय मागे घ्यावा लागला. सिक्कीम २०१६ साली पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झालं, पण त्याची तयारी तेरा वर्षं आधीपासून होती आणि तिथे रासायनिक खतांचा वापर मुळातच फार थोडा होता.

तर वडिलांना काय सांगायचं?

"सगळं सोडा" असं सांगू नका. ते ऐकणार नाहीत, आणि ऐकलं तर पहिल्या वर्षी फसतील. सात एकरांतला एक एकर वेगळा काढा, शक्यतो धुऱ्याच्या वरच्या अंगाचा, जिथे शेजाऱ्याचं पाणी वाहून येत नाही. त्या एकरात आधी खताचा हिशेब करा. समजा एकरी २५ किलो नत्र द्यायचं आहे. युरियातून ते ५४ किलोंत येतं, म्हणजे एका गोणीपेक्षा थोडं जास्त. शेणखतात अर्धा टक्का नत्र धरलं तर पाच टन लागतं, आणि त्यातलंही सगळं पहिल्याच वर्षी सुटत नाही. एवढं शेण तुमच्या गोठ्यात आहे का? बहुतेक नसेल. कमी शेणात जास्त खत करायची युक्ती आपल्याच भागातली आहे. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाकांनी, विटांच्या भिंतीत भोकं ठेवून दहा बाय सहा बाय तीन फुटांचं टाकं बसवलं. त्यात चौदा-पंधरा क्विंटल काडीकचऱ्याला क्विंटलभर शेण पुरतं. मातीचे थर, पाणी, वरून लिंपण, आणि तीन-चार महिन्यांत अडीच-तीन टन खत. तुरीचा भुसा, सोयाबीनचं कुटार, श्रेडरमधून काढलेली पऱ्हाटी, सगळं यात जातं. पऱ्हाटी पेटवायची थांबली तरी मी पहिलं वर्ष यशस्वी म्हणेन. मात्र बोंडअळी लागलेल्या पऱ्हाट्या वावरात रचून ठेवू नका, त्यांची बारीक कुट्टी करूनच टाका.

जीवामृताबद्दल वडील विचारतील, कारण अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांमुळे ते घरोघर पोहोचलंय. (पाळेकर आपल्या पद्धतीला सेंद्रिय म्हणत नाहीत, नैसर्गिक म्हणतात, तो वाद इथे नको.) दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती. हे खत म्हणून मोजू नका. दहा किलो शेणात पिकाचं पोट भरेल एवढं काही नसतं. ते विरजण आहे. दूध असेल तर दही लागेल. मातीत काडीकचरा आणि ओल असेल तर त्याचा उपयोग दिसतो, उघड्या तापलेल्या जमिनीत ओतलं तर श्रम वाया.

तुरीच्या ओळी कपाशीत आहेतच, त्या वाढवा. मधल्या तासात मूग किंवा उडीद घ्या, साठ-सत्तर दिवसांत निघतो. बियाण्याला पेरणीआधी रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी बुरशी) चोळा. खर्च किरकोळ आणि तुरीच्या मर रोगाला आळा बसतो. धुऱ्यावर गिरिपुष्प लावा, त्याचा पाला दर पावसाळ्यात तासात टाकता येतो.

कीड ही खरी परीक्षा. जूनमध्ये निंबोळ्या गोळा करून सावलीत वाळवून ठेवा. पाच किलो भरडून रात्रभर भिजवायच्या, गाळून शंभर लिटर पाणी करायचं, त्यात थोडा साबणचुरा घालून त्याच संध्याकाळी फवारायचं. उन्हात त्यातला गुण उतरतो. हा अर्क कीड आल्यावर दणका देणारा नाही. तो अंडी घालणं आणि खाणं कमी करतो, म्हणून सुरुवातीपासून द्यावा लागतो. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर धोका आहे समजा. डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुलं) दिसतील तिथे तोडून नष्ट करा, अळीची अंडी मारणाऱ्या मित्रकिडीचं ट्रायकोकार्ड लावा. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखून घेतलेलं जादा पीक, ठेवू नका. फरदडीतल्या एक-दोन क्विंटलच्या मोहात पुढच्या वर्षीची अळी आपणच पोसतो, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी फरदड दिसतेच.

प्रमाणपत्राच्या मागे लगेच लागू नका. त्यात बीटी (बोंडअळीविरुद्ध जनुक घातलेलं) बियाणं चालत नाही, आणि बाजारात दुकानभर बीटीच असतं. बिनबीटी हवं तर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं "सुरज", नाहीतर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं "रजत" अशी सरळ (संकरित नसलेली) वाणं शोधावी लागतात. देशी कपाशीची "एकेए-७" किंवा "एकेए-८" घेतली तर तुडतुड्यांचा त्रास बराच कमी, पण धागा आखूड आणि भाव त्याप्रमाणे. हंगामी पिकांना प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांचा रूपांतरकाळ धरतात. गावात किमान पाच शेतकरी तयार झाले तर पीजीएस पद्धतीचा गट करता येतो. त्यात शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात आणि खर्च नगण्य असतो. पुण्यात माल घेताना तुम्हीही पाकिटावर "जैविक भारत" किंवा "इंडिया ऑरगॅनिक" ही खूण पाहा. खूण नसेल आणि विकणारा स्वतः पिकवत असेल तर शेत दाखवा म्हणा. खरा शेतकरी खुशाल दाखवतो.

आणि उरलेल्या सहा एकरांचं काय? तिथे सेंद्रिय होईपर्यंत थांबायचं कारण नाही. डब्यावरचा त्रिकोण बघायला वडिलांना शिकवा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. लाल त्रिकोणाचा डबा घरात येऊ द्यायचा नाही. दोन औषधं एकत्र करायची नाहीत, वाऱ्याच्या विरुद्ध फवारायचं नाही, पीक खांद्याच्या वर गेलं की फवारणी थांबवायची. एक चांगला मुखवटा, चष्मा, लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे तुम्ही पुण्याहून पाठवा. सेंद्रिय भाजीवर महिन्याला जे जास्तीचे पैसे जातात, त्यात ते बसतात. त्या एका एकरातली तूर या वर्षी तुमच्याच घरी येऊ द्या. बाजारभावापेक्षा किलोला दहा-वीस रुपये जास्त देऊन तुम्ही आणि तुमच्या सोसायटीतली चार घरं ती डाळ घ्यायला तयार आहात, हे पेरणीच्या आधी वडिलांना कळवा.